गाणं सुटं की अल्बम अख्खा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की अल्बम क्रम न मोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची गोष्ट आहे. त्यावर भरपूर पत्रं आली, काहींना एकदम पटलं, काही चांगलेच चिडले की ज्याला एक गाणं हवंय त्याने बाकीच्या नऊंचे पैसे का भरायचे. कलाकार आणि डिजिटल म्युझिक स्टोअर यांच्यातलं भांडणही नेमकं ह्याच मुद्द्यावरचं, म्हणून यावेळी त्यावरचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, परवा एका डिजिटल स्टोअरवर एक गाणं घ्यायला गेलो तर त्याच्यापुढे किंमतच नाही, नुसतं 'फक्त अल्बमसोबत' लिहिलेलं. बाकीची गाणी मला नकोयत. ही जबरदस्ती नाही का?

तुमचा राग मला कळतो, आणि तो आजचा नाहीये, डिजिटल स्टोअर यायच्या आधीपासूनचा आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी एक सवयच लावून घेतली होती, गाणं रेडिओवर दिवसभर वाजवायचं पण त्याची सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, बाजारात आणायचीच नाही, म्हणजे ज्याला ते एकच गाणं हवंय तो झक मारत अख्खी सीडी घेणार. हे इतकं वाढलं की सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० ह्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतच नाहीत अशी वेळ आली, कारण सिंगल विक्रीला असल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही असा नियम होता, शेवटी डिसेंबर १९९८मध्ये तो नियमच बदलावा लागला. पुढच्या वर्षी इंटरनेटवर एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी घेता येणारं नॅपस्टर आलं आणि लोकांनी गाणी फुकट उचलायला सुरुवात केली. मग २८ एप्रिल २००३ला ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं, सुरुवातीला दोन लाख गाणी, कुठलंही घ्या ९९ सेंट, अख्खा अल्बम साधारण ९.९९ डॉलर. गाणी सुटी विकायचीच हा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. लोक किती वर्षं वाट बघत होते ते ह्या एका आकड्यात दिसतं.

आता 'फक्त अल्बमसोबत' का लिहितात, तर कधी गाणं फार लांब असतं, दहा मिनिटांच्या वरची गाणी बऱ्याचदा सुटी देतच नाहीत. कधी सिनेमाच्या अल्बममधल्या एखाद्या गाण्याचे हक्क तेवढ्यापुरतेच मिळालेले असतात. कधी कलाकाराचीच तशी इच्छा असते. आणि कधी निव्वळ रेकॉर्ड कंपनीची हाव असते, ती मात्र मला अजिबात पटत नाही. २००८मध्ये एस्टेल या ब्रिटिश गायिकेचं एक गाणं अमेरिकेत जोरात चाललं होतं, लोक ते सुटं घेत होते, तर कंपनीने ते आणि सोबतचा अल्बम आयट्यून्सवरून काढून टाकला, हिशोब असा की आता लोक सीडी घेतील. झालं काय, गाणं यादीत धडाधड खाली आलं आणि दुसऱ्याच कुणीतरी हुबेहूब गाऊन ठेवलेली त्याची नक्कल वर चढली. काही आठवड्यांनी मूळ गाणं परत आणलं पण तोवर भर ओसरला होता, आणि नुकसान झालं ते गायिकेचं. ऐकणाऱ्याला अडवून अल्बम खपत नाही हो, अल्बम खपतो तो आत काही असेल तर.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी हे बघा की त्या अल्बममधली बाकीची गाणी सुटी मिळतायत का. मिळत असतील आणि तुमचंच एक अडवलेलं असेल तर ती खेळी आहे. पण एकही सुटं मिळत नसेल तर बहुतेक कलाकारानेच तसं ठरवलंय, आणि मग माझं ऐका, एकदा अख्खा ऐकून बघा.

प्रश्न : पिंक फ्लॉइड आपल्याच रेकॉर्ड कंपनीविरुद्ध कोर्टात गेले होते म्हणे, गाणी सुटी विकली म्हणून. एवढ्या मोठ्या बँडला ९९ सेंटची गाणी विकली जाण्याचा त्रास का व्हावा? आणि भांडण स्टोअरशी होतं तर केस कंपनीवर का?

दोन प्रश्न आहेत, दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण सगळी गाठ तिथेच आहे. कलाकार आणि डिजिटल स्टोअर यांच्यात बहुतेक वेळा करारच नसतो. कलाकाराचा करार रेकॉर्ड कंपनीशी, आणि कंपनीचा करार स्टोअरशी. पेपरात 'बँड विरुद्ध आयट्यून्स' असं छापून येतं खरं, पण स्टोअरच्या कागदावर कलाकाराची सही कुठेच नसते, म्हणून तो स्टोअरला जाब विचारू शकत नाही. त्याला जे काही भांडायचं ते स्वतःच्या करारावरच भांडावं लागतं.

पिंक फ्लॉइड १९६७पासून ईएमआय ह्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीकडे. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांचा नवीन करार झाला आणि त्यात एक कलम घातलं होतं की अल्बम जसा बनवलाय त्याच रूपात विकायचा, आमच्या परवानगीशिवाय त्यातली गाणी सुटी करायची नाहीत. ही आयट्यून्सच्या आधीची गोष्ट आहे हे लक्षात घ्या. पुढे डाउनलोडचा जमाना आला, कंपनीने गाणी सुटी विकायला ठेवली, आणि कोर्टात म्हणणं मांडलं की ते कलम 'रेकॉर्ड'बद्दल आहे, रेकॉर्ड म्हणजे हातात धरता येणारी वस्तू, डाउनलोडला ते लागूच होत नाही. ११ मार्च २०१०ला लंडनच्या हायकोर्टाने हे मान्य केलं नाही. न्यायाधीश सर अँड्र्यू मॉरिट यांनी म्हटलं की ह्या कलमाचा हेतूच अल्बमची कलात्मक एकसंधता जपणं हा आहे, मग तो प्लास्टिकच्या चकतीवर असो की फाइलमध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

आणि जानेवारी २०११मध्ये दोघांची तडजोड झाली, नवा पाच वर्षांचा करार झाला, आणि त्यात गाणी सुटी विकायला बँडने होकार दिला! जिंकल्यावर लगेच सोडून दिलं म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. मला तसं वाटत नाही. त्यांनी गाणी सुटी दिली ती स्वतः बोलणी करून, स्वतःच्या सहीने दिली, आणि केस होती ती ह्या हक्कासाठीच, की फोडायचं की नाही हे विचारणार कुणाला.

आता पहिला प्रश्न, त्रास का. त्यांचा १९७३चा डार्क साइड ऑफ द मून हा अल्बम घ्या, तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो, मधे गाणी एकात एक वाहत जातात, कुठे एक संपलं नि दुसरं सुरू झालं ते सांगता येत नाही. माझ्याकडचा पहिला डिजिटल प्लेअर दोन ट्रॅकच्या मधे क्षणभर थांबायचा. म्हणजे सूर चढतोय, चढतोय, आणि ऐन टोकाला आवाज गप्प, मग पुढचा ट्रॅक अर्ध्या श्वासातून सुरू. पहिल्यांदा मला वाटलं हेडफोनची वायर तुटली. आयट्यून्समध्येही ही मधली फट बुजायला सप्टेंबर २००६ उजाडला, म्हणजे स्टोअर उघडल्यावर तीन वर्षांहून जास्त. ज्याने दोन गाण्यांमधला तो सांधा जुळवायला स्टुडिओत रात्री घालवल्या असतील त्याला हे ऐकून काय वाटत असेल!

प्रश्न : ९९ सेंटच्या गाण्यातले गाणाऱ्याच्या हातात किती पडतात?

थोडे. फार थोडे. मोजूनच बघू. ९९ सेंटमधले साधारण ३० टक्के स्टोअर ठेवून घेतं, राहिले ७० सेंट, ते जातात रेकॉर्ड कंपनीकडे. त्यातून गीतकार-संगीतकाराचा वाटा जातो, अमेरिकेत तो बरीच वर्षं डाउनलोडमागे ९.१ सेंट होता. आणि गाणाऱ्याची रॉयल्टी समजा करारात १५ टक्के लिहिली असेल आणि ती त्या ७० सेंटवर धरली तर झाले साडेदहा सेंट. बँडमध्ये चार जण असतील तर वाटणी करा. आणि हे साडेदहा सेंटही लगेच हातात येत नाहीत बरं, कंपनीने रेकॉर्डिंगसाठी जो आगाऊ पैसा दिलेला असतो तो वसूल होईपर्यंत ते त्याच खात्यात वळते होतात. अख्खा ९.९९चा अल्बम घेतला असता तर ह्याच हिशोबाने डॉलरच्या थोडं वर जमा झालं असतं, दोनच गाणी घेतली म्हणून २१ सेंट. अल्बम फुटण्याबद्दल कलाकार बोलतात तेव्हा कलेबद्दल बोलतात पण पोटात हे २१ सेंटही असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे, पोट त्यालाही आहे.

पण खरी मेख पुढे आहे. जुन्या करारांमध्ये दोन वेगवेगळे दर असायचे. कंपनीने रेकॉर्ड 'विकली' तर कलाकाराला कमी टक्के, कारण छापणं, पॅकिंग, वाहतूक हा खर्च कंपनीचा, वर पॅकिंगची कपात, आणि जुन्या लाखेच्या तबकड्या वाटेत फुटायच्या म्हणून फुटतुटीचीही कपात. पण कंपनीने मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, दुसऱ्याला वापरायला दिला, म्हणजे 'लायसन्स' केला, तर बहुतेक वेळा सरळ अर्धे अर्धे. मग डाउनलोड ही विक्री की लायसन्स?

एमिनेम ह्या अमेरिकी रॅपरच्या सुरुवातीच्या काळातल्या निर्मात्यांनी, एफबीटी प्रॉडक्शन्सनी, हाच प्रश्न कोर्टात नेला. त्यांच्या करारात विक्रीला १२ ते २० टक्के आणि लायसन्सला ५० टक्के होते. त्यांचं म्हणणं अगदी साधं, कंपनी आयट्यून्सला एक मास्टर फाइल देते आणि त्याच्या प्रती काढायची परवानगी देते, इथे ना छपाई ना ट्रक ना गोडाऊन, मग ही विक्री कसली? २००९मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला, पण सप्टेंबर २०१०मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला आणि हे लायसन्सच आहे असं सांगितलं. मार्च २०११मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीची याचिका ऐकायलाच घेतली नाही. वरच्या हिशोबात १५च्या जागी ५० घाला, साडेदहाचे ३५ सेंट होतात, म्हणजे एका शब्दावर तिपटीचा फरक. एमिनेम स्वतः ह्या केसमध्ये पक्षकार नव्हता, हे सांगून ठेवते कारण सगळीकडे 'एमिनेमची केस' असंच लिहितात. ह्या निकालाने सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही, करार ज्याचा त्याचा वेगळा, आणि नवीन करारांत कंपन्यांनी डाउनलोड म्हणजे विक्रीच असं स्वच्छ लिहून घ्यायला सुरुवात केली.

प्रश्न : बीटल्स इतकी वर्षं आयट्यून्सवर नव्हते ते अल्बम फोडायचे नव्हते म्हणून का?

तेवढंच कारण नव्हतं. त्यांच्या कंपनीचं नाव ॲपल कॉर्प्स आणि तिचं कॉम्प्युटरवाल्या ॲपलशी नावावरून जुनं भांडण, ते फेब्रुवारी २००७मध्ये मिटलं, मग ईएमआयशी बोलणी लांबली. १६ नोव्हेंबर २०१०ला ते एकदाचे आले, अल्बमही आणि सुटी गाणीही. पहिल्या आठवड्यात जगभरात साडेचार लाखांवर अल्बम आणि वीस लाखांवर सुटी गाणी गेली. लोकांना दोन्ही हवं असतं, एवढंच मला त्यातून दिसतं.

प्रश्न : जे अडून बसले त्यांचं शेवटी नुकसानच झालं ना? काळाबरोबर चालायला नको?

सगळ्यांचं नाही झालं. एसी/डीसी बघा, त्यांचं म्हणणं कायम एकच, आम्ही सिंगल नाही, अल्बम बनवतो. २००८मध्ये ब्लॅक आइस काढला, डिजिटल स्टोअरवर दिलाच नाही, अमेरिकेत सीडी विकली ती वॉलमार्टमधून, आणि पहिल्या आठवड्यात तिथे पावणेआठ लाखांहून जास्त खपला. शेवटी नोव्हेंबर २०१२मध्ये तेही आयट्यून्सवर आले, सुट्या गाण्यांसकट. रेडिओहेडही असेच बरीच वर्षं बाहेर होते, २००८मध्ये आले.

पण हे असे बँड की ज्यांचा चाहता वाट वाकडी करून येतो. नवीन मुलगा अडून बसला तर त्याला कोण विचारतं? हट्ट करायची ताकद ज्यांच्याकडे आधीच होती त्यांनाच तो परवडला, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

बियॉन्से ह्या अमेरिकी गायिकेने तर हीच गोष्ट उलटी फिरवली. १३ डिसेंबर २०१३ला कसलीही आगाऊ जाहिरात न करता अल्बम थेट आयट्यून्सवर, १४ गाणी १७ व्हिडिओ, आणि पहिला आठवडाभर सुटं काहीही मिळणार नाही, घ्यायचा तर अख्खा घ्या. तीन दिवसांत ८,२८,७७३ प्रती गेल्या. म्हणजे ज्या स्टोअरने अल्बम फोडला असं आपण म्हणतो त्याच स्टोअरवर अख्खा अल्बम विकता येत होता, कलाकाराचं वजन असेल तर! ह्यावेळी चिडली ती सीडीची दुकानं, टार्गेट ह्या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने सीडी ठेवायलाच नकार दिला, की आधी डिजिटलला दिलंत तर आमच्याकडे आणू नका.

प्रश्न : लेडी गागाचा अख्खा अल्बम ९९ सेंटला विकला होता असं वाचलं. मग त्यात कलाकाराला काय मिळालं?

पूर्ण वाटा मिळाला, तोटा स्टोअरने स्वतःच्या खिशातून भरला. मे २०११मध्ये बॉर्न धिस वे आला तेव्हा ॲमेझॉनला आपली नवी सेवा लोकांपर्यंत न्यायची होती म्हणून त्यांनी तो ९९ सेंटला लावला, एवढी झुंबड उडाली की सर्व्हर अडखळले. त्यानंतर बिलबोर्डने नियम केला की पहिल्या चार आठवड्यांत ३.४९ डॉलरपेक्षा कमीला विकलेला अल्बम यादीसाठी मोजायचा नाही. कलाकाराचं पैशाचं नुकसान झालं नाही हे खरं, पण एका गाण्याच्या किमतीत अख्खा अल्बम मिळू शकतो ही सवय लोकांना एकदा लागली की ती उतरत नाही, आणि ज्याच्यासाठी कुणी खिशातून तोटा भरणार नाही असा साधा कलाकार त्याच बाजारात आपला ९.९९चा अल्बम घेऊन उभा असतो.

प्रश्न : आता तर सगळे स्ट्रीमिंगवरच ऐकतात. हे भांडण संपलं की चालूच?

रूप बदललंय. २०१४च्या डिसेंबरात बिलबोर्डच्या अल्बम यादीत सुटी दहा गाणी विकली की एक अल्बम आणि १५०० वेळा स्ट्रीम झालं की एक अल्बम असं धरायला लागले, म्हणजे एकच गाणं १५०० वेळा वाजलं तरी 'अल्बम' खपला; १५००चा आकडा २०१८मध्ये बदलला, पद्धत तीच राहिली. ह्या मोजणीला अल्बम म्हणायचं का हे तुम्हीच बघा, मला जड जातं. पण एक गोष्ट मनापासून आवडली, नोव्हेंबर २०२१मध्ये ॲडेल ह्या गायिकेच्या सांगण्यावरून स्पॉटिफाय ह्या स्ट्रीमिंग सेवेने पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी अल्बमच्या पानावरचं ते मोठं शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायचं, बटण काढलं, आता प्ले दाबलं की गाणी कलाकाराने लावलेल्या क्रमाने वाजतात, ज्याला शफल हवंय तो करू शकतो. कुणाला अडवलं नाही, आणि क्रमही राहिला. असे तोडगे आधी का सुचले नाहीत कुणाला.

प्रश्न : ताई, आमच्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम तयार आहे, आठ गाणी, तिसरं गाणं चौथ्यात मिसळतं. एक छोटी कंपनी करार करायला तयार आहे. आम्हाला तो फोडायचा नाहीये. काय करू?

अभिनंदन रे बाबांनो, मनापासून! आता सही करायच्या आधी तो कागद चौघांनी एकत्र बसून वाचा आणि कलाकारांचे करार बघणाऱ्या वकिलाला दाखवा. विचारा की गाणी सुटी विकायची असतील तर आमची लेखी परवानगी लागेल असं लिहाल का, आणि त्यात डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि पुढे येईल ते सगळं असं स्पष्ट लिहून घ्या, 'रेकॉर्ड' ह्या एका शब्दावर पिंक फ्लॉइडला दोन कोर्टं चढावी लागली. डाउनलोडला विक्रीचा दर की लायसन्सचा तेही विचारा. पॅकिंगची कपात डिजिटलवर लावली असेल तर ती खोडायला सांगा, फाइलला खोकं लागत नाही. छोटी कंपनी सगळं मान्य करेल असं नाही, पण विचारल्याशिवाय काहीच मिळत नाही.

कंपनीशिवाय जायचं असेल तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणं सुटं विकायचं की फक्त अल्बमसोबत हे तुम्हीच ठरवता, ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात, उरलेल्यातून पैसे चुकते करायची फी जाते आणि बाकी तुमचे. माझा सल्ला विचाराल तर आठातली दोन गाणी सुटी ठेवा, जी एकटी उभी राहतात ती. अनोळखी माणूस तुमच्या घरात थेट आठ खोल्या बघायला येणार नाही. तिसरं आणि चौथं मात्र फोडू नका.

आणि त्या सांध्याची काळजी घ्या. दोन्ही गाणी एकाच सलग मास्टरमधून कापा, कापलेल्या जागी फेड देऊ नका, म्हणजे आवाज हळूहळू उतरवू-चढवू नका, आणि फाइल वेव्ह किंवा फ्लॅक ह्या प्रकारात द्या, एमपीथ्री बनवताना पुढे-मागे बारीकशी शांतता आपोआप चिकटते आणि तिथेच फट पडते. अल्बम चढला की आधी तिसऱ्याची शेवटची दहा सेकंदं आणि चौथ्याची पहिली दहा, एवढंच हेडफोन लावून ऐका, वेगवेगळ्या दोन-तीन फोनवर ऐका, आणि मधे टक् असा आवाज आला किंवा सूर क्षणभर जरी तुटला तरी फाइल परत पाठवा.